फरिश्त्यांनी ढकललेली गाडी

लग्नात विनोद सांगा असं मुकीम मास्तरांना कुणीही म्हटलं नव्हतं. नंतर ते सगळ्यांना सांगत, की यजमानांनी फार आग्रह केला. पण आग्रह म्हणजे तुर्सुनबाय घाईघाईत एवढंच म्हणाले होते, "मास्तर, तांदूळ अजून कच्चा आहे, जरा लोकांना सांभाळा." आता लोकांना सांभाळणं म्हणजे चहा ओतत फिरणं असाही अर्थ निघू शकतो. मास्तरांनी तो काढला नाही.

सकाळचे सहा वाजले होते. कोकंद शहरात लग्नाचा पुलाव पुरुषमंडळी पहाटेच खातात आणि आपापल्या कामाला जातात. दोनशे माणसं, टोप्या घालून, जमिनीवर अंथरलेल्या लांबलचक दस्तरखानांभोवती बसलेली. नान मोडून झाले होते, मनुका होत्या तिथल्या संपल्या होत्या, आणि आचारी कढईच्या झाकणाला कान लावून उभा होता. अशा वेळी रिकामा जमाव दिसला की मुकीम मास्तरांच्या जिभेला खाज सुटायची. बावीस वर्षं ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि बावीस वर्षांत त्यांच्या तासाला कुणी स्वखुशीने कान दिला नव्हता. त्याची भरपाई ते लग्नांत करून घेत.

ते उठले. घसा साफ केला.

"मंडळी, काल मला स्वप्न पडलं. मी मेलो."

"अरेरे!" कुणीतरी म्हणालं. लोक मागे टेकले.

"वर गेलो. दारात फरिश्ता, हातात वही. विचारतो, 'काय रे मुकीम, नमाजाला का येत नव्हतास?' म्हटलं, 'हुजूर, यायचं होतं. पण आमच्या मशिदीतून आवाज काय यायचा ठाऊक आहे?'"

आणि मास्तरांनी तो आवाज काढला. शब्द नाही, नुसता घसा. "ख्ख... ख्ख्ख... अँ... ख्रर्र... ख्ख." थंडीत सुरू न होणारी जुनी मोस्क्विच गाडी. हुबेहूब.

"'मला वाटायचं, कुणाची तरी गाडी अडकलीय. मी बिचारा ढकलायला धावायचो. तेवढ्यात नमाज संपायचा.' फरिश्ता गप्प झाला. वही मिटली. म्हणाला, 'जा आत. तुझी काय चूक? आम्हीसुद्धा दोघांना ढकलायला पाठवलं होतं.'"

दोनशे माणसं एकदम हसली. एका म्हाताऱ्याच्या नाकातून चहा आला. आचाऱ्याने झाकण सोडलं. मास्तर छातीवर हात ठेवून थोडे झुकले आणि खाली बसले, आणि त्या सकाळी त्यांना पुलाव जितका चविष्ट लागला तितका नंतर कधीच लागला नाही.

दुपारी जेवायला घरी आले तर बायको, सनोबर, दारातच फोन घेऊन उभी.

"अहो, हे काय करून आलात?"

"काय केलं?"

"ताश्कंदहून माझ्या बहिणीचा फोन. म्हणते, भावोजी फारच छान गाडी सुरू करतात."

कुणीतरी चित्रफीत काढली होती. मोहल्ल्याच्या गटातून ती शेजारच्या मोहल्ल्यात गेली, तिथून बाजारात, आणि संध्याकाळपर्यंत कोरियात कारखान्यात काम करणाऱ्या पुतण्यानेही हसून डोळे पुसणारी चित्रं पाठवली. मास्तर वरवर म्हणाले, "लोकांना काही उद्योग नाहीत." आतून त्यांनी ती चित्रफीत चार वेळा पाहिली. चौथ्या वेळी मात्र त्यांना वाटलं, आपण घसा जरा जास्तच चांगला काढला.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात शिरले तर फळ्यावर मोस्क्विच. मागे दोन पंखवाले फरिश्ते, बाह्या सरसावून ढकलतायत. बलाची दिशा बाणाने दाखवली होती, घर्षण उलट दिशेने, दोन्ही बरोबर. वर्षभरात त्या वर्गाने पहिल्यांदाच एक आकृती बरोबर काढली होती. मास्तरांनी ती पुसली आणि पुसताना त्यांचे कान तापले.

त्याच संध्याकाळी मोहल्ला समितीच्या अध्यक्षा राबियाआपा स्वतः आल्या. बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लटकवलेला, आणि कुणाच्याही घरात शिरताना आधी गटार पाहायच्या.

"मास्तर, अर्ज आलाय तुमच्याविरुद्ध. धार्मिक भावना दुखावल्याचा. चौदा सह्या आहेत."

"कुणाच्या?"

"पहिली एर्गशहाजींची."

एर्गशहाजी गालिचे विकायचे. गेल्या वर्षी हज करून आल्यापासून ते मोहल्ल्यात कुठे काय चुकतंय याकडे फार बारकाईने पाहत. मास्तरांनी सह्या वाचल्या, फोन काढला, चित्रफीत लावली आणि थांबवून थांबवून दाखवू लागले. "हे बघा, हा तिसऱ्या सहीवाला, मांडीवर थाप मारतोय. हा सातवा, तोंडातला नान पडला. हा अकरावा, 'पुन्हा, पुन्हा' म्हणतोय. आपा, चौदातले सहा जण हसताहेत!"

"तेव्हा हसले, मग दुखावले," राबियाआपा शांतपणे म्हणाल्या. "त्याला काही मनाई नाही. गुरुवारी समितीपुढे या."

बुधवारपर्यंत सगळ्या मोहल्ल्याने सल्ला देऊन झाला होता. पुलात नावाच्या न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा हवेत धरला आणि म्हणाला, "मास्तर, रडा. माणूस रडला की समिती हरते." अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने रडायचं कसं तेही करून दाखवलं. शाळेतले रसायनवाले म्हणाले, माफी मुळीच मागू नका, आज फरिश्त्यावर गप्प बसलात तर उद्या आवर्तसारणीवर गप्प बसावं लागेल. मेव्हणा म्हणाला, बकरं कापा. शेजारीण म्हणाली, बकरं नको, लोक म्हणतील लाच. टरबूज न्या, टरबूज कुणाला लाच वाटत नाही. मास्तर सगळ्यांना एकच सांगत होते, आवाज चढवून, म्हणजे पलीकडच्या गल्लीतही जावा: "अहो, परमेश्वर काय इतका लहान आहे, की मुकीमच्या विनोदाने त्याला लागावं? आणि लागलं असेल तर तो मला सांगेल. एर्गशहाजींना कशाला मध्यस्थ नेमेल?"

हे बोलणं त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं. तरी शाळेत जाताना आता ते बाजाराच्या रस्त्याने जात नसत. मागच्या बोळातून, ढासळलेल्या भिंतीच्या कडेने, मान खाली घालून जात. आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी वळून पाहावं असं वाटत आलं, त्याला आता लोक वळून पाहत होते आणि तो बोळ शोधत होता.

गुरुवारी समितीत सात माणसं होती. एर्गशहाजी ताठ बसले होते.

"मुख्य मुद्दा," ते म्हणाले, "फरिश्त्यांना गाडी ढकलायला लावली. हा अपमान."

पुलात न्हावी समितीचा सभासद होता. तो म्हणाला, "हाजी, अडकलेली गाडी ढकलणं पुण्याचं काम आहे. पुण्याचं काम फरिश्त्यांनी नाही करायचं तर कुणी?"

"पण मोस्क्विच?" एर्गशहाजी कळवळून म्हणाले. "निदान बरी गाडी तरी!"

यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. मग निवृत्त पोस्टमास्तरांनी खरा कायदेशीर मुद्दा काढला: मास्तरांनी अजानचे पवित्र शब्द उच्चारले की नुसता घसा काढला? शब्द असतील तर प्रकरण वर जाईल, घसा असेल तर इथेच मिटेल. चित्रफितीत शेजारच्या ताटलीचा आवाज आल्यामुळे नीट कळत नव्हतं.

"नुसता घसा!" मास्तर म्हणाले.

"दाखवा."

"इथे?"

"त्याशिवाय नोंद कशी करू?" राबियाआपांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

मग मुकीम मास्तर समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी तो आवाज पुन्हा काढला. काय करणार, अंगातच होतं. या वेळी तो लग्नातल्यापेक्षाही चांगला निघाला. मधला तो अडखळा, शेवटची ती कोरडी खरखर. पोस्टमास्तर भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. राबियाआपांनी रुमाल तोंडात कोंबला आणि बऱ्याच वेळाने इतिवृत्तात लिहिलं: 'घसा. शब्द नाहीत.' एर्गशहाजींची मिशी एकदा थरथरली. ते दुःखाने असावं असं सगळ्यांनी मानून घेतलं.

इतक्यावर मिटलं असतं. पण शिक्षण खात्याने लेखी खुलासा मागवला. मास्तरांनी लिहिलं, 'सदर विनोदाबद्दल खेद आहे.' कागद परत आला: कोणता विनोद? मजकूर जोडावा. मास्तरांनी मजकूर जोडला, सुवाच्य अक्षरात, आवाजाच्या जागी कंसात 'घशाचा आवाज' असं लिहून. तो कागद खात्यातून दुसऱ्या एका कचेरीत गेला आणि तिथून विचारणा आली, की आक्षेपार्ह मजकूर सरकारी कागदावर लिहून प्रसृत करण्यामागे आपला हेतू काय? त्याचा खुलासा लिहायचा तर पुन्हा मजकुराचा संदर्भ द्यावा लागत होता. मास्तर मशिदीच्या तरुण इमामांकडे गेले. इमाम अब्दुवासित, सगळ्यांचे दामला, बत्तीस वर्षांचे, सौम्य, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"दामला, तुम्ही तरी सांगा, परमेश्वराला राग आला असेल?"

"मास्तर, त्याची काळजी करू नका. त्याच्यापर्यंत तुमच्यापेक्षा वाईट विनोद रोज जातात." इमामांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "काळजी माझी करा. मला तीन ठिकाणांहून फोन आलेत. तुम्ही शुक्रवारी नमाजानंतर अंगणात चार शब्द बोला, माफी मागा, मी दुवा मागतो, आणि दोघंही सुटू."

मग ठरलं. मास्तरांनी माफीनामा लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता त्यांच्यातला कलावंत जागा झाला. पहिला मसुदा सनोबरने नापास केला, त्यात परमेश्वर लहान नसल्याचं वाक्य होतं. दुसरा राबियाआपांनी, त्यात समितीचं नाव नव्हतं. तिसरा सगळ्यांना पसंत पडला.

शुक्रवारी अंगण भरलं होतं. नमाजाआधी अजान झाली, आणि ओसरीत उभ्या असलेल्या मास्तरांच्या अंगावर काटा आला. स्वच्छ, गोड, पाण्यासारखा वाहणारा आवाज. त्यांच्या तोंडून "वाहवा!" निघून गेलं. शेजारच्याने चमकून पाहिलं.

नमाजानंतर मास्तर उभे राहिले. टोपी सारखी केली. त्यांनी परमेश्वराची माफी मागितली, प्रेषितांची मागितली, सर्व फरिश्त्यांची, 'विशेषतः ज्या दोघांना कष्ट पडले त्यांची', इथे एक दबकं हसू अंगणभर पसरलं आणि एर्गशहाजींनीसुद्धा मान हलवली. मग उलेमांची, हाजींची, मोहल्ला समितीची, शिक्षण खात्याची, तरुण पिढीची. आवाज कापला तिथे खरंच कापला. इमामांनी दुवा मागितली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एर्गशहाजींनी मिठी मारली. लोक पाठीवर थोपटत होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मास्तरांना बाजारातून घरी जावंसं वाटलं.

जाता जाता ते इमामांना म्हणाले, "आणि दामला, आजची अजान! कोण हा?"

"मदरशातून आलाय. चांगला देतो, नाही?"

"फारच! मग आपले नूरमतओता कुठे?"

इमामांनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "ओता लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत."

"आजारी आहेत?"

"नाही."

मास्तर तिथेच उभे राहिले. हातात माफीनामा होता. त्यांनी घडी उघडली आणि नावांवरून बोट फिरवलं. परमेश्वर होता, फरिश्ते होते, शिक्षण खातं होतं. तीन मसुदे झाले होते. बायकोने वाचला, अध्यक्षांनी वाचला, इमामांनी वाचला. चौदा सह्यांचा अर्जही त्यांनी पाहिला होता. सात जणांनी दोन तास चर्चा केली होती, घसा की शब्द. तो घसा कुणाचा, हे कुणीच विचारलं नव्हतं.

घसा नूरमतओतांचा होता. तीस वर्षं ते अजान देत होते, भोंग्याशिवाय, ओसरीच्या पायरीवर उभं राहून. त्याआधी तेवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. तिथल्या तंतूंनी छाती भरली आणि आवाजाला चिरा गेल्या. मुकीम मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचे वडील त्याच जिनिंगमध्ये होते. त्यांचा खोकला मास्तर लहानपणी भिंतीपलीकडून ऐकत झोपायचे, आणि त्यावर घरात कुणी कधी हसलं नव्हतं.

ओतांचं घर मशिदीच्या मागेच. सुनेने दार उघडलं, मास्तरांना ओळखलं, आणि काही न बोलता बाजूला झाली. ते न बोलणं मास्तरांना एर्गशहाजींच्या अर्जापेक्षा जड गेलं. ओता अंगणात द्राक्षवेल हिवाळ्यात गोठू नये म्हणून मातीत पुरत होते. शहात्तर वर्षांचा किडकिडीत माणूस, कमरेला रुमाल बांधलेला.

"ये मुकीम, ये. बूट तिकडे काढ, चिखल आहे."

"ओता, मी..." वाटेत जुळवलेलं सगळं नाहीसं झालं. "मी माफी मागायला आलो."

"आत्ताच मागितलीस ना? ऐकू आलं इथून. आवाज छान लागतो तुझा."

"त्यात तुमचं नाव राहिलं."

"हो." ओतांनी वेलीवर माती लोटली. "विनोद मात्र चांगला होता. मी होतो तिथे."

"कुठे?"

"लग्नात. तिसऱ्या दस्तरखानावर, खांबामागे. तू आवाज काढलास आणि आजूबाजूचे हसता हसता माझ्याकडे बघायला लागले. मग मीही हसलो. हसलो नसतो तर बिचाऱ्यांना घास गिळवला नसता."

मास्तर खाली बसले. चिखलातच बसले.

"तुम्ही रागवा तरी, ओता. शिव्या द्या."

"राग कसला? दुसऱ्या दिवशी पहाटे उभा राहिलो. कानाला हात लावला, तोंड उघडलं, आणि मला गाडी ऐकू आली." ओता थोडंसं हसले. "तीस वर्षं मला माझा आवाज ऐकूच आला नव्हता, मुकीम. मला वाटायचं, मी हाक मारतोय आणि लोक येतायत. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तू खोटं काढलं असतंस तर चाललं असतं. तू बरोबर काढलंस."

"लोक यायचेच की! तुमच्याच हाकेला यायचे!"

"हो. यायचे." त्यांनी खुरपं उचललं. "आलाच आहेस तर तो वेल धर. एकट्याला वाकवत नाही."

मास्तरांनी वेल धरला. वेल वाकवायचा, आडवा धरायचा, ओता माती लोटणार. दोघं तासभर काम करत होते. मास्तरांनी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं असावं. दुपार कलली तसा मशिदीतून आवाज आला, गोड, स्वच्छ. ओता थांबले. खुरपं टेकवून उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत एकेक शब्द परत म्हणू लागले, आवाज न करता. मास्तर वेल धरून मातीकडे बघत राहिले, कारण वर बघायची सोय नव्हती.

"चांगला देतो," संपल्यावर ओता म्हणाले. "शेवटी जरा घाई करतो. शिकेल."

त्यानंतर मास्तर दर शुक्रवारी नमाजाला जाऊ लागले. ओताही आता यायचे, पण मागच्या रांगेत. मास्तर त्यांच्या शेजारी बसत. अजान पुन्हा द्या म्हणून एकदा विनवून पाहिलं, दोनदा पाहिलं, इमामांनीही विनवलं, ओता हात हलवून म्हणायचे, आता पोराचे दिवस. हिवाळ्यात त्यांना खोकला झाला. खोकला यायला लागला की ते रांगेतून हळूच उठायचे, अंगण ओलांडून पार फाटकाबाहेर जायचे, आणि घसा मोकळा करून परत यायचे. पूर्वी ते तिथेच खाकरत. मास्तरांना उठून त्यांच्यामागे जावंसं वाटे. पण जाऊन काय म्हणणार?

लग्नं होत राहिली. लोक म्हणत, "मास्तर, तो गाडीचा!" मास्तर म्हणत, घसा बसलाय.

मार्चमध्ये राबियाआपांनी त्यांना कचेरीत बोलावलं. चेहरा प्रसन्न होता. "सुटलात मास्तर! वरून कागद आला." त्यांनी चष्मा चढवून वाचलं: "'सर्व संबंधितांकडे चौकशी केली असता, सदर विनोदामुळे कोणत्याही व्यक्तीच्या भावना दुखावल्याचं आढळून आलं नाही. प्रकरण निकाली.' घ्या. इथे लिहा, 'वाचलं, मान्य', आणि सही करा."

मास्तरांनी कागद स्वतः एकदा वाचला.

"आपा, यात एक नाव घालता येईल का?"

"कुणाचं?"

"नूरमतओतांचं. दुखावलेल्यांत."

राबियाआपांनी चष्मा काढला. "त्यांनी अर्ज केला होता?"

"नाही."

"करतील?"

"नाही."

"मग मी काय लिहू, मास्तर?" आपांचा आवाज एकाएकी अध्यक्षांचा राहिला नव्हता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "त्या दिवशी मीही रुमाल तोंडात धरला होता. माझं नाव कुठे घालू?"

 मग मास्तरांनी लेखणी घेतली. 'वाचलं' असं लिहिलं, खाली सही केली, आणि कागद पुढे सरकवला. राबियाआपांनी तो निरखून पाहिला. दुसरा शब्द राहिलाय हे त्यांच्या लक्षात आलं, तसं त्यांच्या कपाळावरून दिसलं.  तरी त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि हलकेच, आवाज न करता, कागदावर टेकवला.